एसएसडीची वही

आमच्या घरचा कम्प्युटर सुरू होईपर्यंत बायकोचा चहा पिऊन व्हायचा. ती शिक्षिका आहे. परवा म्हणाली, "सोमवारी सातवीचा पेपर टाइप करून द्यायचाय. तोवर ती वेगवान एसएसडी डिस्क बसवा, नाहीतर मी हातानेच लिहून देईन."

मी तीन महिने वहीत सगळ्या स्वस्त एसएसडींची किंमत, वेग आणि वॉरंटी टिपत होतो. एक नक्की केली आणि रविवारी मांडवीतलं कम्प्युटरचं दुकान गाठलं. माझ्यापुढे एक बाई गोंधळून उभ्या होत्या. माझी वही पाहून गुजराती दुकानदार म्हणाला, "काका, आ बेनने जरा समजावो ने."

मी पानं उलटत समजावलं. ही स्वस्त आहे पण वॉरंटी कमी, ती वेगवान आहे पण महाग, म्हणून मधली ही घ्या. बाईंना पटलं. त्या पैसे देऊन गेल्या.

"आता तीच मला द्या," मी म्हणालो.

"ए तो छेल्लो, शेवटचा पीस हतो, काका. नवा माल गुरुवारी."

घरी येऊन सगळं सांगितलं. बायकोने शांतपणे हात पुढे केला.

"वही द्या इकडे. पेपर लिहायला कोरी पानं उरलीत का बघते."