साहेबाचं डोकं

खांडबाऱ्याच्या फलाटावर सुरतेची गाडी यायची होती. माझ्या मागच्या बाकावर दोघे बसले होते. एकाच्या अंगावर शिपायाचा खाकी कोट होता आणि त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

"हातले काय व्हयनं, दोधूभाऊ?"

"सायेबनं डोकं धरी धरी दुखस रे, भिला."

"ताप व्हता का त्याले?"

"कसाना ताप! तो गोल्फ खेळे. बंगलामांगे वाकडी काठी लिसन चेंडू ठोके. चेंडू काही सरळ जाये नही. मंग विलायतथीन पुस्तक उनं. त्यामा लिखेल, काठी मारताना डोकं हालाले नही जोयजे."

"मंग?"

"मंग मी समोर उभा राहीसन त्यानी टोपी दाबी धरू. रोज सांजले दोनशे येळा. काठी मन्हा कानले घासीसन जाये. तीन वरीस."

"खेळ सुधारना का त्याना?"

"तिळभर नही. पन डोकं जरासं हालनं का माले समजी जाये."

"जाऊ दे. त्यानी बदली व्हयनी. सुटना तू."

"माले बी तसंच वाटनं. काल नवा सायेब उना. त्यानी पेटीमाईन बी काठ्या निंघन्यात. मी दूर नीमखाले बठेल व्हतू. चार येळा ठोका त्यानी, चारी येळा चेंडू वाकडा गया."

"तू उगामुगा गप ऱ्हायना ना?"

"ऱ्हायनू. पाचवी येळले तोंडमाईन निंघी गयं, सायेब, डोकं हाली ऱ्हायनं."

"आरे देवा! काय बोलना तो?"

"टोपी नीट घाली, आनि धराले मन्हापुढे डोकं वाकाडं."