दोन सीटची गाडी

गाडीवाला: आधी बूड टेकवा ताई, मग पाय आत घ्या. पाय आधी घातलात तर अडकाल. तसं नाही... हां. आता सोडा अंग.

ती: आई गं! ही सीट आहे की खड्डा?

गाडीवाला: रेसिंगची सीट आहे. वळणावर माणूस हलायला नको म्हणून दोन्हीकडून दाबून धरते.

ती: बरंय. धरू दे.

तो: बसलीस? झालं समाधान? आता उठून दाखव.

ती: उठते रे. जरा बसू तर दे.

तो: तू बस निवांत. इकडे तुझी लेक माझा खांदा खातेय. ठमे, अगं हा बाबाचा शर्ट आहे, खाऊ नाहीये. झालं, लागला भोंगा परत.

गाडीवाला: दात येत असतील.

तो: दात येतायत, पोट दुखतंय, उकडतंय, झोप अपुरी झालीये. जो भेटतो तो नवीन निदान करतो. तुम्ही दातवाले, लक्षात ठेवतो.

गाडीवाला: राग मानू नका, पण गाडी नक्की कुणासाठी बघताय? फोनवर मला वाटलं दादांसाठी.

तो: मला कशाला? मला आमचा डबा बरा. चार दारं, छप्पर, सामानाला जागा.

ती: माझ्यासाठी आहे. मी डोळे तपासते, चष्म्याच्या दुकानात. रजा संपली, परवापासून परत कामावर. दुकान गावाच्या पार त्या टोकाला आहे. रोज जायला-यायला हवीये.

गाडीवाला: रोज?

ती: का? चालत नाही?

गाडीवाला: चालते की. पळते. पण खरं सांगू का ताई, इथे येतात ती पोरं फोटो काढतात, टायरला लाथ मारतात आणि जातात. रोज वापरायला म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

ती: तुम्ही नाही वापरत रोज?

गाडीवाला: वापरतो ना. म्हणून तर विकतोय.

तो: ऐकलंस? हे मी नाही म्हणालो.

गाडीवाला: नाही, म्हणजे गाडी वाईट नाही हो. मी स्वतः एकेक करून घेतलंय सगळं. इंजिन उघडून ताकद वाढवली, सायलेन्सर बदलला, एवढी खाली बसवली की रस्त्यावर पडलेलं नाणं दिसावं. एसी काढला, वजन कमी व्हायला. मागची सीट काढली.

तो: एसी काढला! माणसं पैसे भरून बसवून घेतात, तुम्ही काढून टाकलात.

गाडीवाला: हौसेला मोल नसतं दादा. पण कसंय, मी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लिफ्टच्या टपावर वाकून काम. संध्याकाळी हिच्यात बसलो की कंबर म्हणते, बाबा रे, आता तरी सोड. आणि आईला बसता येत नाही हिच्यात. म्हणजे बसते ती, उठवायला दोन माणसं लागतात. परवा शेजारणीला म्हणाली, माझ्या पोराने विहीर विकत घेतलीये.

ती: हा क्लच का दबत नाहीये?

गाडीवाला: दबतो, जोर लावा. अजून. रेसिंगचा आहे तो, घट्ट असतो. गर्दीत अडकलात तर मांडी थरथरायला लागते. आणि स्पीडब्रेकर सरळ घ्यायचा नाही, तिरका घ्यायचा, नाहीतर पोट घासतं.

तो: कुणाचं?

गाडीवाला: गाडीचं हो.

ती: चालेल.

तो: काय चालेल? बाळंतपणात टाके घातलेत तुला, विसरलीस? आत्ताआत्तापर्यंत जिना चढताना कठड्याला धरत होतीस.

ती: मी म्हटलं ना, चालेल.

तो: अहो, तुम्हीच सांगा हिला. तुम्ही विकणारे असून माझ्या बाजूने बोलताय, आणि ही घेणारी असून ऐकत नाही.

गाडीवाला: ताई, नवीन बारकी एखादी गाडी बघा की. ऑटोमॅटिक. डावा पाय मोकळा सोडून बसायचं, गाणी ऐकायची.

ती: बारक्या गाडीला मागे सीट असते.

गाडीवाला: असतेच की.

ती: मला नकोय.

तो: हेच. आठ दिवस हेच चाललंय. कारण विचारलं की गप्प. एकदा म्हणते रंग आवडला, एकदा म्हणते लहानपणापासून हौस होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, हिला स्कूटर आणि मोटरसायकल यातला फरक सांगता येत नाही.

ती: येतो.

तो: मग ठमीला पाळणाघरात कोण सोडणार? वाटेवरच आहे ते. ठरलं होतं ना आपलं, जाताना तू सोडायचं, येताना तू घ्यायचं?

ती: ठरलं नव्हतं. तू म्हणालास, मी तेव्हा कपडे वाळत घालत होते.

तो: नाही म्हणाली नाहीस.

ती: तोंडात चिमटे होते.

तो: म्हणजे ही दोन सीटची गाडी आणायची, म्हणजे सोडायचं काम आपोआप माझ्या गळ्यात. सरळ सांगायचं मग. गाडी कशाला मध्ये आणायची?

ती: सरळ सांगितलं असतं तर सोडलं असतंस?

तो: सकाळी माझ्या मीटिंगा असतात. माहितीये तुला.

ती: बघ.

गाडीवाला: मी काय म्हणतो, आवाज ऐकून घेता का एकदा? त्यानंतर निम्मी माणसं आपणहून जातात. दादा, तुम्ही बाळाला घेऊन जरा लांब उभे राहा. तिकडे, नळापाशी. कान झाका तिचे.

तो: अहो नको! आत्ताच जरा शांत झालीये. दचकली की सगळं परत पहिल्यापासून...

(गाडी सुरू होते. बिल्डिंगच्या मागचं अंगण घुमायला लागतं. इथून पुढे सगळे ओरडून बोलतात.)

तो: बंद करा! बंद करा ती! ठमे, नाही गं, काही नाही, काही नाही... अरे?

ती: काय झालं?

तो: अगं, इकडे बघ.

ती: मला काही दिसत नाहीये, मी खड्ड्यात आहे! काय झालं तिला?

तो: जांभई दिली.

ती: काय?

तो: जांभई! डोळे मिटतायत. अगं झोपतेय ही. खांद्यावर मान टाकली. झोपली! शपथ घेऊन सांगतो, झोपली!

गाडीवाला: कमाल आहे. आमच्या बिल्डिंगने या आवाजावरून माझी दोनदा तक्रार केलीये. थांबा, बंद करतो, झोपू दे तिला शांत.

तो: बंद करू नका! हात लावू नका तिला! बघा, बघा, चुळबुळली.

गाडीवाला: दादा, पेट्रोल जळतंय हां.

तो: जळू दे, मी भरून देतो. अगं, ऐकतेस का? आपल्या गाडीत हिला झोपवायला तू अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालतेस. इथे उभ्या गाडीच्या नुसत्या आवाजाने झोपली. न हलता!

ती: ऐकलं.

तो: घेऊया. मी सांगतो, हीच घेऊया. दादा, मागची सीट काढली म्हणालात, तिचं काय केलंत? भंगारात?

गाडीवाला: छे. कंपनीची सीट आहे, टाकवत नाही. वर माळ्यावर आहे, गोधडीत गुंडाळून.

तो: परत बसते?

गाडीवाला: तासाभराचं काम. हा मधला लोखंडी पाइप तेवढा काढायचा. पट्टेसुद्धा ठेवलेत मी. तुम्ही घेत असाल तर मीच बसवून देतो, वरचे पैसे नकोत. बाळाची खुर्ची आरामात मावेल.

तो: बघ! प्रश्नच मिटला. सकाळी तू निघालीस की ही आवाजानेच झोपणार, झोपलेलीच पाळणाघरात. रात्री रडली की खाली आणायची, सुरू करायची. काय गं? तूच मागे लागली होतीस ना? आता मी हो म्हणतोय तर तोंड का असं केलंस?

ती: नकोय मला ही गाडी.

तो: ऑं?

ती: नकोय. उठव मला. हात दे.

तो: हातात ठमी आहे. अगं, आठ दिवस डोकं खाल्लंस माझं!

ती: दादा, तुम्ही द्या हात. नाहीतर राहू दे. बसते इथेच.

गाडीवाला: मी... असं करतो, मी वर जाऊन ती सीट कशी आहे ते बघून येतो. गाडी चालूच ठेवतो. गिअर टाकू नका फक्त.

तो: काय झालं तुला? ओरडू नकोस, पण सांग.

ती: न ओरडता तुला ऐकू येणारेय का?

तो: ओरड मग. झोपलीये ती, हिला आज नगारा चालेल.

ती: या गाडीत ती झोपणार नाही असं वाटलं होतं मला.

तो: म्हणून नको?

ती: म्हणून हवी होती.

तो: मला कळत नाहीये.

ती: आपली गाडी आता गाडी राहिली नाही रे. पाळणा झालाय तो. दुपारी फिरव, संध्याकाळी फिरव. तुझी मीटिंग असली की फिरव, तुझ्या आईचा डोळा लागला की फिरव. सिग्नलला थांबले की ती उठते, म्हणून लांबून दिवा लाल दिसला की मी वेग कमी करत करत जाते, गाडी थांबायला नको. मागचे हॉर्न मारतात, शिव्या घालतात. गाणं लावत नाही. खोकला आला तर दाबून धरते. काल तर घरी पोचले, ती झोपलेली होती, आणि मला इतकी लागली होती... तरी परत फिरले. गाडी थांबवायची भीती वाटली.

तो: फोन करायचास मला.

ती: फोनवर बोलले की ती उठते. मग ही जाहिरात दिसली. कर्कश आवाज, एसी नाही, मागे सीट नाही, कडक गादी. खाली कुणीतरी लिहिलं होतं, लहान मुलं असतील तर या गाडीकडे बघूसुद्धा नका. मला वाटलं, हीच. हिच्यात कुणी म्हणणारच नाही की जरा हिलाही घेऊन जा. कुणी विचारणारच नाही. मला नाही म्हणायला लागणार नाही, गाडीच म्हणेल.

तो: मग मला म्हणायचंस ना तसं.

ती: काय म्हणू? मला माझ्या पोरीपासून लांब जायचंय? असं कोण बोलतं? आणि लांब नाही रे जायचं. दुकानापर्यंतच जायचं. तिच्यावर जीव आहे माझा, दिसतंय ना तुला? पण सगळा वेळ माझा एक कान मागे असतो. एकदा दोन्ही कान पुढे ठेवून चालवायचं होतं. एवढंच.

तो: मला वाटलं, तुला माझ्यावर सूड घ्यायचाय. पाळणाघराचा.

ती: तोही थोडा होता.

तो: वाटलंच.

ती: आता बघ, ही पण गेली. तुम्ही दोघांनी मिळून अर्ध्या तासात हिच्यात सीट बसवली, पट्टे लावले, खुर्ची ठेवली. तो बिचारा फुकट बसवून देतोय.

गाडीवाला: सीट एकदम नवी आहे हो! उंदराने एवढासा कोपरा... काही चुकीच्या वेळी आलो का?

तो: नाही, या. सीट राहू द्या वरच.

गाडीवाला: मग गाडी?

ती: नाही घेत दादा. माफ करा, तुमचा वेळ घेतला.

गाडीवाला: वेळेचं काय. सुट्टीच आहे. बंद करू मग?

तो: थांबा. हिला एक चक्कर मारू द्याल?

गाडीवाला: चक्कर? द्यायला हरकत नाही, पण... घेणार नाही म्हणाल्या ना?

तो: घेणार नाही. तुम्हाला भरवसा म्हणून आमच्या डब्याची किल्ली ठेवा. आम्ही दोघं इथेच आहोत, ओलीस.

ती: अरे वेडा आहेस का? गाडी इथून हलली की ती उठेल.

तो: उठेल.

ती: भयंकर रडेल.

तो: रडेल ना. बाटली कुठे आहे?

ती: निळ्या पिशवीत, बाजूच्या कप्प्यात. पण ती गार झाली असेल. आणि तिला उभं धरून पाजायचं, आडवं नाही, आणि मध्येच पाठ...

तो: पहिलं पोर तुझं, तसंच माझंही पहिलं आहे. जा तू. क्लच जोरात दाब. स्पीडब्रेकर कसा घ्यायचा?

ती: तिरका.

तो: नीघ.

गाडीवाला: ताई, पहिला गिअर जरा रुसतो. हां, पडला. हळू... फाटकातून उजवीकडे... अगदी हळू सोडा! गेल्या. जमलं की हो.

तो: गेली.

गाडीवाला: उठली बघा.

तो: उठली. बाप रे. ए ठमे, ए माझ्या राणी, हे बघ, काकांकडे बघ, काकांना मिशा आहेत. नाही आवडल्या? अहो, ती निळी पिशवी द्या जरा. बाटलीचं झाकण उघडा. असं नाही, फिरवून.

गाडीवाला: याला दोन झाकणं कशाला? अहो, लाल झाली ती पार. फोन करू का ताईंना? लांब नाही गेल्या अजून, आवाज येतोय.

तो: कुठे पोचली असेल?

गाडीवाला: चौकात. गिअर कमी केला, ऐकलंत? आता डावीकडे वळतील, म्हणजे मागच्या गल्लीतून इकडे. नाही... अहो, सरळ गेल्या त्या. मोठ्या रस्त्याला लागल्या. तिसरा टाकला. चौथा. दादा, लावू फोन?

तो: नको. रड गं ठमे तू. पोटभर रड. आईला ऐकू जात नाहीये.