पाहुणीला दाखवलेलं ऑफिस

(अकोला. कोर्टासमोरचं चहाचं हॉटेल, जेवणाच्या सुट्टीची वेळ. बाकावर तिघं : 'कानोकान' नावाचं बातम्यांचं बुलेटिन चालवणारी प्रियदर्शनी, अमरावतीचे भाजीवाले वामनराव आणि पुण्याहून आलेली गीतांजली. चहा आलाय, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही.)

गीतांजली : ...म्हणून तर म्हणते, अभिनंदन! इतकं नीटनेटकं काम मी अख्ख्या दौऱ्यात पाहिलं नाही. तुम्हाला आमच्या निधीची गरजच नाही.

प्रियदर्शनी : गरज नाही? मॅडम, आमचं बुलेटिन आज संध्याकाळी बंद पडायच्या बेतात आहे!

गीतांजली : विनय चांगला हो, पण एवढा नको. आम्ही तातडीची मदत देतो ती अडचणीतल्या माध्यमांना. जाहिराती गेल्या, ऑफिसला कुलूप लागलं, अशांना. आणि काल अमरावतीत तुमचं ऑफिस बघते तर काय, एसी सुरू, कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले, मुली कामात गर्क.

प्रियदर्शनी : कोणतं ऑफिस?

गीतांजली : तुमचंच. 'कानोकान'चं.

प्रियदर्शनी : आमच्या ऑफिसला मालकानं गेल्या महिन्यातच कुलूप लावलं. वामनकाका?

वामनराव : चहा थंडा होऊन राह्यला बाप्पा. घ्या म्याडम, आधी चहा घ्या.

प्रियदर्शनी : काका, मी काल इथं अकोल्यात वकील शोधत फिरून राहिली होती. तुमाले सांगून गेली होती का म्याडम येतीन, त्यायले बसवा, चहा पाजा. तुमी काय दाखवलं त्यायले?

वामनराव : हापिस दाखवलं. पाहुणीले का रस्त्यावर उभं ठेवतेत?

प्रियदर्शनी : कोणाचं हापिस?

वामनराव : चंदनचं.

गीतांजली : चंदन कोण?

वामनराव : मायावाला भाचा. कॉम्प्युटरचा क्लास हाय त्याचा.

गीतांजली : अहो, पण बाहेर 'कानोकान' असा बोर्ड होता!

वामनराव : कापडाचा. म्या बांधला. खाली क्लासचा बोर्ड तसाच हाय, त्याले आपन हातबी नाही लावला.

गीतांजली : आणि त्या मुली? एकीनंही मान वर केली नाही. मला वाटलं, काय ही निष्ठा!

वामनराव : त्यायची टायपिंगची परीक्षा होती.

गीतांजली : अरे देवा. आणि ते कोपऱ्यातले ज्येष्ठ सल्लागार, उत्तमराव? मी त्यांना दोन-तीन प्रश्न विचारले, त्यांनी नुसती मान हलवली. मी त्यांच्याबद्दल लिहिलंय, 'मितभाषी आणि अनुभवी.'

वामनराव : साळा हाय माया. तोंडात तंबाखूचा खर्रा होता त्याच्या, बोलन कसा?

प्रियदर्शनी : काका!

वामनराव : तू हासून राहिली ना पोरी?

प्रियदर्शनी : हासून नाही राहिली. डोकं फिरलं मायं. काहून केलं तुमी असं?

वामनराव : काहून म्हंजे? पोरगी पाहाले पाहुने आले तं शेजारच्याचा सोफा आपन आणतोच ना घरात? माया पोरीच्या, खुशीच्या टाइमाले तं पडदेबी शेजारचे होते. त्या लोकायलेबी मालूम असते, आपल्यालेबी मालूम असते. घर भरल्यावानी दिसलं पायजे. ह्या म्याडम पुन्याहून येऊन राहिल्या तुले पाहाले, म्या इचार केला, पोरीचं नाक कापलं नाही गेलं पायजे.

प्रियदर्शनी : काका, ह्या मले पाहाले नाही आल्या. आपल्या अडचणी पाहाले आल्या.

वामनराव : अडचनी का पाहुन्याले दाखवतेत? अडचनी घरातल्या घरात असतात. म्या तं रोडगे, वांग्याची भाजी सारं केलं. तुयी काकू जयवंता सकाळपासून चुलीपुढं होती.

गीतांजली : जेवण उत्तम होतं. तेही मी अहवालात लिहिलंय. आणि तो अहवाल कालच समितीला पाठवलाय.

प्रियदर्शनी : पाठवला?

गीतांजली : पाठवला. 'संस्था सुस्थितीत आहे, तातडीच्या मदतीची आवश्यकता नाही.' वामनराव, मला राग आलाय, हे स्पष्टच सांगते. मी लोकांवर विश्वास ठेवून फिरते. आणि ज्यांचं काम खरं सांगणं, त्यांच्याकडून मला हे?

वामनराव : तिच्यावर नोका चिडू म्याडम. तिले काईच मालूम नव्हतं. जे केलं ते म्या केलं.

गीतांजली : मग खरं काय आहे? रेकॉर्डिंग कुठं होतं? तो काचेचा स्टुडिओ?

वामनराव : तो चंदनचा सर्व्हर का काय असते, त्याची खोली.

प्रियदर्शनी : मी रेकॉर्डिंग काकांच्या गोदामात करते. बारदान्याच्या थप्प्या आहेत ना, त्यांच्या मधे बसलं की आवाज घुमत नाही. एक माइक, एक मोबाइल आणि मी. रोज सकाळी बुलेटिन लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. भाजीबाजाराचे भाव, कुठली एसटी बंद, कुठं पाणी आलं, कुठं नाही, आणि बातम्या. आपल्या बोलीत, जसं लोक बोलतात तसं. कधी मधेच मांजर येतं. तेही ऐकू जातं लोकांना.

गीतांजली : मग हे काल का नाही दाखवलं मला?

वामनराव : लाज वाटली मले. खोटं काहून बोलू? एवढी शिकलेली पोरगी, तिवसा, अचलपूर, लोकं तिच्या आवाजाची वाट पाहतात, आन् ती बसते कुठं, तं माया कांद्याच्या पोत्यात.

प्रियदर्शनी : मले नाही वाटत लाज. कोणी विचारलं तं मी सांगते कांद्याच्या पोत्यात बसते म्हणून. तुमी मले विचाराचं तं होतं एकदा.

गीतांजली : मघाशी तुम्ही म्हणालात, आज संध्याकाळी बंद पडेल. ते काय आहे?

प्रियदर्शनी : उन्हाळ्यात एका ठेकेदाराचे टँकर नाल्यावर भरले जात होते. तेच पाणी गावात प्यायला जायचं. मी ती बातमी दिली, टँकर भरणाऱ्या ड्रायव्हरच्या आवाजासकट. ठेकेदार अकोल्याचा, त्यानं इथं दावा लावला. जाहिराती एकेक करून गेल्या, मग ऑफिस गेलं. आता त्यानं अर्ज केलाय की निकाल लागेपर्यंत बुलेटिनच थांबवा. सुट्टीनंतर त्यावर सुनावणी आहे. माझा वकील मागच्याच आठवड्यात बाजूला झाला. काल दिवसभर फिरले, ठेकेदाराचं नाव ऐकलं की सगळ्यांना दुसरी कामं आठवतात.

वामनराव : सकाळी त्याचा मानूस आल्ता हिच्याकडे. ते सांग ना.

प्रियदर्शनी : आला होता. गोड बोलला. म्हणाला, ताई, फक्त बुलेटिनमधे एकदा सांगा की आमची चूक झाली. दावा मागे घेतो, वरून वर्षभराची जाहिरात देतो.

गीतांजली : आणि तुम्ही?

प्रियदर्शनी : नाही म्हटलं. चूक झालीच नव्हती. आमच्याकडे रिवाज आहे मॅडम. बुलेटिनची सुरुवात चुकीनं होते. आदल्या दिवशी काही चुकलं असेल तर ते सगळ्यात आधी, आणि ज्यानं चूक केली त्याच्याच आवाजात. मग बाकीच्या बातम्या. ती जागा खऱ्या चुकीची आहे. तिथं मी खोटी चूक सांगितली, तर मग उद्यापासून लोकांनी आमच्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवायचा?

वामनराव : माया तं सारा विश्वास त्याच्यावरच बसला. एक डाव हिनं सांबाराचा भाव उलटा सांगतला. सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, म्याडम. म्या सारा माल आणला बाजारात, मातीमोल गेला. दुसऱ्या दिवशी शिव्या द्याले फोन हातात घेतला, तं बुलेटिन सुरू झालं आन् पहिलंच वाक्य, 'काल मी सांबाराचा भाव चुकीचा सांगतला, ज्यायचं नुकसान झालं त्यायची माफी मांगते.' आता बोला, शिव्या कोणाले देऊ? तवापासून मी हिचा मानूस झालो.

गीतांजली : हं. अडचण अशी आहे, प्रियदर्शनी. अकोल्यात वर्षाली म्हणून वकील आहेत, आमच्यासोबत काम करतात. फोन केला तर सुट्टी संपायच्या आत येतील. असा तातडीचा वकील देणं माझ्या अधिकारात आहे. पण 'गरज नाही' असं मीच कळवून बसलेय. ते मागे घ्यायचं तर समितीला कारण द्यावं लागेल. काय कारण देऊ?

वामनराव : सांगा ना का कॉम्प्युटर चोरीले गेले.

प्रियदर्शनी : काका, आता एक शब्द बोलू नका! मॅडम, जे झालं तेच कारण द्या. आमच्या माणसानं तुम्हाला खोटं ऑफिस दाखवलं.

गीतांजली : तुमच्या नावापुढे ते कायमचं लागेल. समिती म्हणेल, बातम्या देणारेच असे, तर मदत कशाला? मोठी मदत कदाचित मिळणारच नाही.

प्रियदर्शनी : नाही मिळाली तर नाही मिळाली. वाईट वाटेल, रडूही येईल, मला काही दगडाचं काळीज नाही. पण तेच लिहा. आणि काका, उद्या सकाळचं बुलेटिन तुमच्यापासून सुरू होईन.

वामनराव : म्हंजे?

प्रियदर्शनी : चूक तुमची, आवाज तुमचा.

वामनराव : अवं, पन मी का 'कानोकान'चा मानूस हाव? मी भाजीवाला!

प्रियदर्शनी : काल बोर्ड बांधला तेव्हा कोणाचे होते तुमी?

वामनराव : पोरी, इचार कर. शेंदूरजनाघाटले खुशीचं सासर हाय. तिचा सासरा रोज आयकते, चहा नाही पेत तुया बातम्या आयकल्याबिगर. त्याच्या कानावर गेलं तं काय म्हनन? बाजारात तं लोकं मले जगू देनार नाही. कॉम्प्युटरवाला वामन्या म्हनतीन!

प्रियदर्शनी : म्हणतीन. महिनाभर म्हणतीन, मंग इसरतीन. मी सांबार चुकवला तवा मले बाजारात काय काय म्हणले ते तुमाले मालूम नाही का?

वामनराव : मालूम हाय. म्याच म्हनलो होतो अर्ध.

गीतांजली : वामनराव, माझ्यासाठी म्हणून करू नका. तुम्ही बोललात काय, नाही बोललात काय, मी वर्षालींना बोलावतेच आहे, आणि समितीला आजच सगळं जसंच्या तसं कळवणार. पुढे समिती काय ठरवेल ते मला माहीत नाही. हवेतला शब्द मी देत नाही.

वामनराव : मंग तं मी नाही बोललो तरी चालते?

प्रियदर्शनी : चालते. जबरदस्ती नाही काका. ही सुरुवात जबरदस्तीनं होत नसते.

वामनराव : अस्सं म्हनलं का मानूस फसते बाप्पा. काढ तो मोबाइल. कुठं बोलाचं?

प्रियदर्शनी : इकडे. जवळ धरा, ओरडू नका. नाव सांगा आधी.

वामनराव : मी वामनराव. भाजीबाजारात बसतो, बरेच जन वयखतेत मले. पुन्याहून एक म्याडम आल्या होत्या, 'कानोकान'ले मदत करा का नाही ते पाहाले. म्या त्यायले माया भाच्याचा क्लास दाखवला आन् म्हनलं हे आपलं हापिस. ते खोटं होतं. आपल्याजवळ हापिस नाही. प्रियदर्शनी मायावाल्या गोदामात बसून बोलते. तिले ह्यातलं काईच मालूम नव्हतं. मले वाटलं, पोरीची लाज झाकून राहिलो. तिची लाज नव्हती ते, मायी होती. तिच्या हातचा घास गेला माया पायी... माफी मांगतो. बस. झालं.

प्रियदर्शनी : झालं काका. चांगलं झालं.

वामनराव : आवाज फुटला शेवटी. पुन्हा घेतं का?

प्रियदर्शनी : नाही. राहू द्या.

गीतांजली : प्रियदर्शनी, रेकॉर्डिंग बंद करू नका. मोबाइल जरा इकडे द्या. मी एसी बघितला, खुर्च्या बघितल्या आणि तुमचं बुलेटिन एकदाही न ऐकता अहवाल लिहिला. माझं नाव आधी सांगायचं ना?