आई वेळेवर आली

हॅलो?… हां ताई, बोल… अगं, हळू बोलतेय कारण डोळ्यांच्या दवाखान्यात बसलेय. समोर पाटी आहे, 'फोनवर बोलू नये'… आई? आई कुठे इथे? ती एकटीच येणार होती ना?… काय? कुलूप?

थांब, थांब. नीट सांग. तू आईकडे गेलीस, निघाली का बघायला… बरं… बेल वाजवलीस… बरं… मग तुझ्याकडे किल्ली कशाला दिलीय, शोभेला? उघड की!… उघडलंस? मग तसं सांग ना आधी! म्हणजे तू आत आहेस आणि ती नाहीये… बाथरूममध्ये बघितलंस?… अगं, विचारलं फक्त. चिडतेस काय!

नाही गं, इथे नाही आली. मी दाराकडे तोंड करूनच बसलेय ना. तिघं आले, त्यातला एक पाण्याचा जार घेऊन आलेला… फोन? तिचा फोन तुझ्यासमोरच असेल बघ, फ्रिजवर… आहे ना? मग झालं.

हो, हो… माहितीये गं मला. पावणेअकरा झालेत, आणि नंबर अकराचा आहे. तू मला काय सांगतेस, समोर एवढं मोठं घड्याळ लावलंय त्यांनी. दोनदा उशिरा आली म्हणून दोनदा परत पाठवली. आता तिसऱ्यांदा उशीर झाला तर काउंटरवरच्या बाई नाव काढून टाकणार, स्पष्ट सांगितलंय त्यांनी. आणि हे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात इथे. डाव्या डोळ्याचं जे गेलं ते गेलंच, पण उजव्याचा काचबिंदू काय आपल्या आईसाठी थांबून राहणारे?… तेच ना. तो डोळा गेला तर शिवणार कशी ती? आणि शिवणं गेलं तर… नको, नको बोलू. मीही नाही बोलत.

बरं, ऐक. तू तिला वेळ कितीची सांगितली होतीस?… नऊ? अगं नऊ कुठून आणलंस? मी तुला दहा सांगितलं होतं!… हो, खरी अकराचीच. तुला दहा सांगितलं ते 'आईला दहा सांग' म्हणून… म्हणजे मी सांगितलेलं तू खरं धरलंस? आणि त्यातून आणखी एक तास कापलास?… नाही, चूक कुणाचीच नाही. आईला तासभर आधीची वेळ सांगायची हे आपलं ठरलेलंच आहे, पण ते दोघींनी एकदम करायचं असं कुठे ठरलं होतं! मी कापलं, त्यावर तू कापलंस. दुहेरी शिलाई झाली नुसती.

पण मग ती कुठे असायला हवी? नऊ सांगितल्यावर ती निघणार दहाला, म्हणजे आता इथे… हो, तेच म्हणतेय मी… शेजारच्या बाई आल्यात का दारात? त्यांना विचार ना, त्यांचं लक्ष असतं बरोबर… काय म्हणाल्या?… साडेआठला? सकाळी साडेआठला बाहेर पडली? आपली आई?

छे! दुसरं कुणीतरी असेल… पर्स होती? आणि छत्री? मग तीच.

ताई, ही काय भानगड आहे? नऊची वेळ आणि साडेआठला घराबाहेर? अगं, ती दाताच्या डॉक्टरकडे जिना चढत होती तेव्हा डॉक्टर कुलूप लावून जिना उतरत होते. गुडघ्याच्या डॉक्टरकडे तर ती थेट दुसऱ्या दिवशी गेली आणि वर म्हणाली, 'वार चुकला.' वार चुकला म्हणे! गिऱ्हाइकाचा कधी वार चुकवलाय तिने? गणवेश शाळा उघडायच्या आठवडाभर आधी तयार. तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा बसून काजं करत होती, फ्रॉक संध्याकाळी द्यायचा म्हणून. कपडा कधी उशिरा नाही आणि डॉक्टरकडे कधी वेळेवर नाही. ह्याचं मला आयुष्यभर नवल वाटत आलंय गं. विचारलं की हसते आणि तोंडात टाचण्या धरते, म्हणजे बोलायलाच नको.

थांब हं, इथे काउंटरवर विचारते. फोन ठेवू नकोस… अहो बाई, एक मिनिट… हो, मी बघितली पाटी… फोनवर बहीण आहे, आमची आईच सापडत नाहीये… पांढरे केस, बारीकशी, हातात छत्री. सकाळी कुणी आलं होतं का तसं?… आलं होतं?… नऊला?… बरं… बरं… अच्छा… मग गेल्या कुठे त्या?… अहो, असं कसं माहीत नाही!

ताई? ऐकलंस? आली होती! दवाखान्याचं शटर वर जायच्या आधी आई पायरीवर बसलेली होती. ह्या बाईंनी तिला सांगितलं, 'आजी, तुमची वेळ अकराची आहे.' तर आई म्हणाली, 'मुलींनी नऊची सांगितली.' आणि मग म्हणे एकटीच हसायला लागली… हो गं, कळलंच असणार तिला. इतकी वर्षं आपण तास कापतोय हे तिला आज सापडलं. गेली अब्रू दोघींची… मग ह्या बाई फाइली काढायला आतल्या खोलीत गेल्या, आणि परत येऊन बघतात तर बाकावर आई नाही.

नाही, रागावून जाणारी नाही ती. रागावली असती तर इथेच बसून राहिली असती, आपण येईपर्यंत. राग वाया घालवायची नाही आई.

इथे? इथे काय, दहाबारा माणसं आहेत. काळा चष्मा लावलेले एक गृहस्थ शेजारी बसलेत, ते कान देऊन ऐकतायत… हो, तुमच्याबद्दलच बोलतेय. ह्यांची वेळ साडेबाराची आहे आणि दहापासून बसलेत. मी विचारलं त्यांना, एवढ्या लवकर का? तर म्हणाले, घरी तेवढाच वेळ घड्याळाकडे बघत बसलो असतो, त्यापेक्षा इथलं घड्याळ मोठं आहे, नीट दिसतं… हो ना! मला तर ही माणसं बघत बसायलाच मजा येते. आणि डॉक्टरांना स्वतःला मागच्या वेळी तासभर उशीर झाला होता, माहितीये? डॉक्टरांना झाला की ती इमर्जन्सी. आपल्याला झाला की नाव काढून टाकतात.

बरं, ते जाऊ दे. तू घरात आहेस ना, जरा बघ कुठे काय दिसतंय… अगं, काय म्हणजे काहीही. कुठे गेली असेल ते कळेल… मशीनवर काय आहे? काय शिवायला घेतलं होतं?… काहीच नाही? कव्हर घातलंय?… भर दिवसा? आणि मागच्या दांडीवर? तिथे हँगर असतील बघ, तयार कपड्यांचे… रिकामी? सगळी रिकामी?

टेबलावर? बेतलेलं काही?… कापडाचा एक तुकडा नाही?… कात्री कुठे आहे?… डब्यात घालून ठेवलीय… टेप पण गुंडाळून?

ताई, मला हे बरं वाटत नाहीये.

आईचं टेबल रिकामं मी कधी बघितलेलं नाही. तू बघितलंयस?… मग! आपण जेवायचो तेसुद्धा कुणाचं तरी अस्तर बाजूला सारून… शेजारच्या बाई काय म्हणतायत?… तू फोन स्पीकरवर टाक ना… येत नाही तुला? बरं, मग त्या बोलतील तसं तू सांगत जा.

हां… त्यांनी कापड आणलं होतं शिवायला… बरं… आणि आईने परत दिलं?… 'आता नवीन घेत नाही' असं म्हणाली? आई म्हणाली असं? मग त्यांनी का नाही विचारलं?… विचारलं? मग काय म्हणाली?

सावकाश सांग… 'अर्धं काम मागे ठेवून…' हां… 'डॉक्टरकडे जायचं नाही…' का पण?… पुन्हा सांग… 'त्याने शिवू नका म्हटलं तर… बेतलेला कपडा दुसरी कुणी पुरा करत नाही. दुसरीचा हात माझ्या कात्रीला बसत नाही. कापड फुकट जातं गिऱ्हाइकाचं.'

…

आहे, आहे. ऐकतेय.

अगं म्हणजे… म्हणून उशीर? दर वेळी? दाताला, गुडघ्याला, सगळीकडे? कुठलाही डॉक्टर असो, तो काहीतरी बंद करायला सांगेल म्हणून आधी हातातलं पुरं करत बसायची? आणि पुरं होत आलं की कुणीतरी नवीन घेऊन यायचं. मग ते बेतायची. मग ते पुरं करायला बसायची. आणि आपण काय समजत होतो, आईला घड्याळ कळत नाही! घड्याळ तिला चांगलं कळतं गं. आपण दोघी बावळट.

आणि आज वेळेवर आली.

नाही, तू नको रडू… मला पण वाटतेय भीती, खरं सांगते. ती उशिरा यायची तेव्हा चिडचिड व्हायची, पण भीती कधी वाटली नव्हती. आज तिच्याकडे काही राहिलेलंच नव्हतं पुरं करायला. मनाने ती शिवणं सोडून आलीय ताई. आपल्याला न विचारता, न सांगता सगळं आवरून, कात्री डब्यात घालून, पायरीवर येऊन बसली. आणि आपण तिला वेळ खोटी सांगितलेली…

एक मिनिट, एक मिनिट. नर्स आली बाहेर. थांब… अहो सिस्टर, ऐका ना, सकाळी एक आजी… हो, हो, छत्रीवाल्या… काय?… कुठे?… तेव्हापासून?

ताई! सापडली! अगं इथेच आहे! मी बसलेय ना, तिथून एका पडद्यापलीकडे. थेंबांची खोली आहे एक, डोळ्यांत थेंब घालून अंधारात डोळे मिटून बसवतात तिथे. साडेनऊचा पेशंट आलाच नाही, उशीर झाला त्याला, म्हणून सिस्टर आईला आत घेऊन गेल्या. काउंटरवरच्या बाईंना पत्ताच नाही, आणि आईला माझा आवाज ऐकू आला नाही कारण त्या खोलीत मोठा पंखा आहे… हो, देव त्या पेशंटचं भलं करो! आयुष्यात दुसऱ्याच्या उशिराचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

नाही, आता खोलीत नाही. डॉक्टरांकडे आत गेलीय. बराच वेळ झाला म्हणे… मी कशी जाऊ? सिस्टर सोडत नाहीयेत. तपासणी चालू असताना नाही म्हणतात… बंद दार आहे, ऐकू कसं येईल?… बरं, जवळ जाऊन उभी राहते.

डॉक्टरांचा आवाज येतोय… शब्द नाही कळत… आता आई बोलतेय…

हो, आहे मी. तू पण राहा फोनवर. बोलू नकोस काही, नुसती राहा.

…

दार उघडलं… आली, आली! आई, अगं इकडे, मी आहे इकडे… तुला दिसत नाहीये का?… थेंबांमुळे, हां, हां, बस इथे… ताई आहे फोनवर… सांग ना, काय म्हणाले?

थांब ताई, सांगते, सांगते… ऑपरेशन करायचं… उजवा डोळा राखता येईल म्हणाले… आई, नक्की असंच म्हणाले? 'येईल' म्हणाले की 'बघू' म्हणाले?… 'येईल' म्हणाले, ताई!… आणि शिवायचं?… ऑपरेशननंतर महिना-दीड महिना सुईला हात नाही. पुढे शिवा म्हणाले. पुढे शिवा!… अगं ऐकतेस ना? ताई?… हो, रड आता, आता काय हरकत आहे!

आई, पण हे हातावर काय घेतलंयस?… कुणाचा?… ताई, थांब, तू नाक पूस आणि नीट ऐक. आईच्या हातावर पांढरा कोट आहे… डॉक्टरांचा! अगं डॉक्टरांच्या अंगातला! ते तिच्या डोळ्यात बघायला वाकले, हिने आधाराला त्यांच्या खांद्याला धरलं, तर हाताला लागलं की बाहीची शिवण उसवलीय आणि खांदा अंगापेक्षा दोन बोटं मोठा आहे. म्हणाली, कुणी शिवलाय हो हा? आणि घेतला काढून!… हो, दिला त्यांनी. देतील नाहीतर काय, आईपुढे कोण बोलणार.

कधी देणार त्यांना परत?… ऑपरेशनच्या आधी? आई, तुला दिसतंय का धड!… म्हणते, हाताला कळतंय तेवढं पुरे… ताई, म्हणते, संध्याकाळीच उसवायला घेणार.

ऑपरेशन ना, पुढच्याच आठवड्यात, सकाळी आठला यायचंय… थांब, डॉक्टर स्वतःच आलेत दारात. बिनकोटाचे… विचारतायत, 'आजी, ऑपरेशनला तरी वेळेवर याल ना?'…

काय म्हणाली? अगं, काय म्हणणार! म्हणाली, 'कोट झाला की येते.'