नईमा मॅडमचा अंगठ्याएवढा राक्षस

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले संस्थेचे पदाधिकारी, आमच्या प्राचार्या प्रणाली मॅडम, खास बाळापूरहून आलेले पाहुणे, माझे सहकारी बंधू-भगिनी, आलुबोंड्यांच्या वासाकडे नाक ठेवून आणि माझ्याकडे कान देऊन बसलेले विद्यार्थी मित्र, आणि आजच्या सत्कारमूर्ती, भौतिकशास्त्र विभागाच्या प्राध्यापक नईमा मॅडम! मॅडमच्या बाबतीत ‘मूर्ती’ हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. का, ते सांगण्यासाठीच मी उभी आहे.

आधीच्या वक्त्यांनी मॅडमच्या शिस्तीबद्दल, शोधनिबंधांबद्दल सांगितलं. ते सगळं खरं आहे. मी मराठी विभागाची रागिणी तायडे. मला भौतिकशास्त्रातलं काही कळत नाही, त्यामुळे मी फक्त राक्षसांबद्दल बोलेन.

मॅडमची मुलगी कहकशाँ पुण्याला शिकायला होती. तिथं मैत्रिणींसोबत ती एक खेळ खेळायची. टेबलावर अंगठ्याएवढ्या मूर्ती मांडायच्या, चेटकिणी, बुटके योद्धे, पंखवाले अजगर, आणि त्यांच्या लढाया लावायच्या. लग्न होऊन ती अमरावतीला गेली आणि न रंगवलेल्या मूर्तींचा खोका माहेरी अकोल्यात राहिला. एका रविवारी घर आवरताना तो मॅडमच्या हाती लागला. टाकून देण्याआधी एकाला रंगवून पाहावं, म्हणून त्यांनी नेलपॉलिश घेतलं. पहिला योद्धा गुलाबी झाला. मॅडमना तो काही पटेना. मग चांगले रंग आले, दोन-चार केसांचे ब्रश आले, भिंग आलं. चिलखताच्या खाचांत पातळ काळा रंग कसा सोडायचा, डोळ्यात पांढरा ठिपका कुठं ठेवायचा, हे त्या शिकत गेल्या. मॅडमचे यजमान जहीरभाई मला सांगायचे, “आमच्या घरी माणसं दोन. बाकी सगळे राक्षस.”

पण हे कॉलेजात कोणालाच माहीत नव्हतं, माझ्याखेरीज. प्रयोगशाळेत ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजानं मुलं सरळ उभी राहतात, त्या बाई घरी राक्षसांच्या नखांना रंग देतात, हे सांगायचं कसं? मॅडमनी मला तंबीच दिली होती.

पुढं त्यांना या मूर्तींचे फोटो काढायचा नाद लागला. कॅमेरा जमिनीला टेकवून अगदी जवळून फोटो काढला, की अंगठ्याएवढा राक्षस हत्तीएवढा वाटतो. मागच्या वर्षी दिवाळीनंतर मी त्यांना बाळापूरला, माझे थोरले दीर खुशालराव यांच्या शेतावर घेऊन गेले. काळी माती, फुटलेला कापूस आणि कलत्या उन्हात कपाशीच्या दोन पऱ्हाटींच्या मधून डोकावणारा शिंगवाला, हिरवा राक्षस. काय फोटो आला होता! मॅडमनी तो कौतुकानं लेकीला पाठवला. लेकीनं कौतुकानं स्टेटसला ठेवला. आणि तिथून तो कोणाकोणाच्या कौतुकाला पात्र होत गेला, देव जाणे. तिसऱ्या दिवशी तो माझ्याच मोबाइलवर आला. खाली लिहिलं होतं, ‘सावधान, बाळापूर शिवारात विचित्र प्राणी, बायका-मुलांना एकटं सोडू नका.’

मी हसले. तेवढ्यात खुशालरावांचा फोन आला. ते हसत नव्हते. कापूस वेचायला एकही बाई शेतात यायला तयार नव्हती. कोणीतरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रानडुकराचे ठसे पाहिले आणि ते त्याच प्राण्याचे ठरले. वर आभाळ भरून आलेलं. झाडावरचा कापूस भिजला की गेलाच.

मी मॅडमना म्हटलं, गप्प राहा. आठवडाभरात लोक विसरतात. कोणाला कळणारही नाही.

मॅडम म्हणाल्या, “रागिणी, आठवडाभरात त्यांचा कापूस मातीत जाईल.”

“पण लोक हसतील.”

“हसू दे ना. भिऊन घरात बसलेत, त्यापेक्षा हसलेले बरे.”

म्हणाल्या खऱ्या, पण गाडीत बसल्यावर बाळापूर येईपर्यंत त्या दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मांडीवर दागिन्याची डबी होती. आत गुलाबी कागदावर तो राक्षस झोपलेला.

समाजमंदिरापुढं सगळा गाव जमला होता. मॅडमनी आपलं नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, हा फोटो मी काढला म्हणून सांगितलं आणि डबी उघडली. सगळ्यांत पुढं मनकर्णाबाई होत्या. शिवारात वेचणीला त्यांचा हात धरणारं कोणी नाही, आणि त्या निघाल्याशिवाय बाकीच्या बाया निघत नाहीत. त्यांनी राक्षस तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि शांतपणे विचारलं, “हे तं पिल्लू हाय. याची माय कुठं हाय?”

मंडळी, तीस-पस्तीस वर्षं प्रकाशाचे नियम शिकवलेल्या बाईंनी या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? मॅडमनी राक्षस परत डबीत ठेवला. त्या सरळ शेताकडं निघाल्या. मागून गाव. पऱ्हाटीजवळ राक्षस ठेवला आणि आपल्या या विभागप्रमुख, इस्त्रीच्या सलवार-कमीजमध्ये, काळ्या मातीत पोटावर आडव्या झाल्या. कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. मॅडमचे कान लाल झाले होते, पण त्यांचा हात हलला नाही.

फोटो निघाला. तोच राक्षस, तसाच अक्राळविक्राळ. मनकर्णाबाईंनी एकदा कॅमेऱ्यात पाहिलं, एकदा मातीत पाहिलं, पुन्हा कॅमेऱ्यात पाहिलं. मग त्या पदर खोचून लांब जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता मले त्याच्याजवळ उभी कर.” मॅडमनी कोन साधला. राक्षस बाईंच्या डोक्याच्याही वर गेला आणि बाई कंबरेवर हात ठेवून त्याच्यापुढं उभ्या! तो फोटो पाहिल्यावर प्रत्येकीलाच तसा पाहिजे होता. खुशालराव बिचारे आभाळाकडं बघून म्हणत होते, बाया हो, आधी कापूस. शेवटी मनकर्णाबाईंनीच सगळ्यांना दटावलं आणि वेचणी सुरू झाली. पाऊस रात्री आला, तेव्हा कापूस घरात होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम कॉलेजात आल्या, तर फळ्यावर मुलांनी शिंगवाला राक्षस काढून ठेवलेला. गावातले फोटो रातोरात मोबाइलवर फिरले होते. मॅडमनी खडू घेतला, राक्षसाच्या डोळ्यात एक ठिपका ठेवला आणि त्याच चित्रावर भिंगातून जाणारे किरण काढून तास घेतला. त्यानंतर ते गुपित राहिलं नाही. मूर्ती स्टाफरूमच्या कपाटातच आल्या.

महिनाभरानं मॅडमनी एक भालेवाली लढवय्यी घेतली, तिला हिरवं लुगडं रंगवलं, कंबरेला कापसाची ओटी बांधली आणि ती घेऊन बाळापूरला गेल्या. मनकर्णाबाईंनी स्वतःला ओळखलं. मॅडम म्हणाल्या, आता हातातला भाला काढून तिथं कापसाचं बोंड देते. तर बाईंनी मूठच मिटली. “भाला राहू दे बाई. पुना निंघालं तं कामी पडन.”

त्या आज इथं पहिल्या रांगेत बसल्या आहेत. भाल्यासह.

मॅडम, तुम्ही आता निवृत्त होऊन अमरावतीला लेकीजवळ चालल्या आहात. कपाट रिकामं झालंय, ते आम्हाला बघवत नाही, एवढंच सांगते. एवढा वेळ ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. मानपानात कोणी राहून गेलं असेल, एखादा शब्द वाकडा गेला असेल, तर आपल्याच घरची लेक बोलली असं समजून सोडून द्या. नमस्कार.