गालातली सुपारी

मैत्री : आई, तोंड उघडा बघू.

गिरजाबाई : कशाला? दात मोजतेस काय?

मैत्री : तो मोजमाप घेणारा सौरभ आत डॉक्टर मॅडमना काय सांगतोय माहितीये? गिरजाबाई या नव्या उपचाराच्या चाचणीत बसत नाहीत. फाइलमध्ये चेहऱ्याची डावी बाजू लुळी, आणि कॅमेऱ्यात गाल येतोय गुबगुबीत. उघडा.

गिरजाबाई : घे. बगलास?

मैत्री : सुपारी! अख्खी सुपारी! अहो आई, हे काय?

गिरजाबाई : वरडू नको गो, लोक बगतान. गाल लोंबतंय ना, म्हनून ठेवली आत. सरल दिसतंय. पोरगी दाखवाया बसवतान तवा येनीफनी करूनच बसवतान ना? तूच बोललीस, सगल्यांना घेत नाय, निवडून घेतान. मी बोलले, दिसू दे जरा बरी.

मैत्री : अहो, त्यांना वाकडंच तोंड हवंय! ज्याचं बरं आहे त्याला कशाला घेतील?

गिरजाबाई : ह्या मना कोन बोलला?

मैत्री : मी! रिक्षात बसल्यापासून हेच तर सांगत होते.

गिरजाबाई : मना वाटला, माजा मन राखाया बोलतेस.

मैत्री : कमाल करता हं. किती फोन केले मी! एका ठिकाणी आजार होऊन दोन-तीन दिवसच झालेले पेशंट हवे होते. दुसरीकडे पन्नाशीच्या आतले. तिसरी चाचणी पार चेन्नईला. डबे भरता भरता सरकारी वेबसाइट उघडून बसायचे रोज. दीड वर्षाचं जुनं दुखणं घेणारी ही एकच सापडली, ती पण नेरूळपासून जवळ. आणि तुम्ही आज सुपारी कोंबून आलात!

गिरजाबाई : चुकला माजा. रागवू नको.

सौरभ : मावशी, सॉरी हं, जरा प्रॉब्लेम झालाय...

मैत्री : प्रॉब्लेम सापडला. हा बघा, माझ्या हातात.

सौरभ : सुपारी? आयला! मी मघापासून कॅमेरा पुसतोय. मला वाटलं, मशीनच बिघडलं.

मैत्री : परत मोजता येईल ना? प्लीज. यांनी मुद्दाम फसवलं नाही हो.

सौरभ : थांबा, मॅडमना विचारून आलोच.

गिरजाबाई : नाय घेतला तर?

मैत्री : तर दुसरी शोधू. टेन्शन नका घेऊ.

सौरभ : चला, हो म्हणाल्या. पोटभर हसल्या आधी. पण मावशी, नीट ऐका. इथे दोन गट आहेत. एकाला नेहमीचे व्यायाम. दुसऱ्याला ते आहेतच, शिवाय स्क्रीनवर आपला चेहरा बघत करायचे नवे व्यायाम. कोण कुठल्या गटात, हे कॉम्प्युटर ठरवतो. मी नाही, मॅडम पण नाहीत. गुण येईलच अशी खात्री नाही. आणि नकोसं झालं तर कधीही सोडता येतं.

गिरजाबाई : म्हंजे मना नुसता जुना मिलंल, आनि दुसरीला नवा?

सौरभ : होऊ शकतं. पण तुमच्याशी ताडून बघितल्याशिवाय नवं चांगलं की नाही, कसं कळणार?

गिरजाबाई : चालंल मना.

सौरभ : एवढ्या पटकन? घरी जाऊन विचार करा हवा तर.

गिरजाबाई : अरे, मी धवलारीन हाय.

सौरभ : म्हणजे? मी बार्शीचा, मला नाही माहिती.

मैत्री : आमच्या सारसोळ्यात लग्नात धवले गातात. गाण्यातून देवांना बोलवायचं, नवरीला आशीर्वाद द्यायचा. आईंशिवाय गावात लग्न लागायचं नाही. तोंड गेलं, प-ब-म अडकायला लागले, तसं यांनी मांडवात बसणंच सोडलं. आता शेजारच्या सुचिताचं लग्न आहे. तिची आई धवले गायचं आवतण म्हणून सुपारी ठेवून गेली. या ना हो म्हणत, ना परत करत.

गिरजाबाई : आवाज हाय रे माजा. लाज वाटते. नवरीसमोर असा तोंड कसा न्यायचा? पन आशीर्वाद देताना मना काय मिलंल, असा इचारतंय का कोन? मना जुनाच मिलू दे. दिघ्याच्या नायतर पनवेलच्या कोना पोरीचा तोंड सरल जाला, तर माजा काय बिघरला?

सौरभ : मावशी, मोजायला बसलं की तोंडावरचा पदर मात्र बाजूला घ्यावा लागेल.

गिरजाबाई : मगाशी सुपारी होती म्हनून घेतला रे. आता कसा घेऊ? घरातला पन कोन बगत नाय.

मैत्री : मी बघते ना.

गिरजाबाई : तू येकटीच. जेवताना डाल गालातून गलायची, तर रणजीत मान खाली घालायचा. माज्या पोटचा पोर. तू समोर बसायचीस. आई, अजून भात वाढू, असा बोलायचीस, नि बगायचीस नीट माज्या तोंडाकडं. तुज्या आयचा देव भला करो. तुजा उपकार मना या जन्मात नाय फिटायचा गो.

मैत्री : आई, इथे नको ना. मी रडेन हं.

(आतली खोली. गिरजाबाई कॅमेऱ्यासमोर.)

सौरभ : डोळे मिटा. मिटेल तेवढे. हां. भुवया वर. आता हसा.

गिरजाबाई : सांगून हसाया येतंय काय कोनाला?

सौरभ : थोडंसं.

गिरजाबाई : नाय येत.

मैत्री : सौरभ, मुलीकडचे विचारतायत. मुलगी पसंत आहे का?

सौरभ : अं? मुलगी? हां! पसंत! एकदम पसंत!

गिरजाबाई : मेल्या! माजी सून मना उजवाया बसली!

सौरभ : थांबा, थांबा, असंच... आलं! मस्त आलं. झालं मावशी. घ्या आता पदर.

गिरजाबाई : ऱ्हाऊ दे. मैत्री, ती सुपारी टाकलीस काय गो?

मैत्री : पर्समध्ये आहे, रुमालात. का?

गिरजाबाई : सुचिताच्या आयनी ठेवलेली ती. घरात दुसरी नव्हती.

मैत्री : अगं बाई! आता तिला काय सांगायचं?

गिरजाबाई : फोन लाव तिला. बोल, सुपारी घेतली. तोंड हाय तसाच घेऊन येते.