क्लच दाबलेला जंतू

चहा घ्या, पण हसताना ठसका लागला तर मी जबाबदार नाय. आमची नात सायली जंतूंवर पीएचडी झाली, म्हणून वाडीने तिचा सत्कार ठेवला. पोरगी घाबरलेली. "आबा, इथे माझं काम कुणाला कळणार?"

भाषणात तिने सांगितलं, जंतूला शेपूट असते आणि ती फिरवायला मोटार असते. मी खालून ओरडलो, "गो, त्या मोटारीचं पासिंग केलंस काय?"

सगळे हसले. पण तीही माझीच नात! म्हणाली, "आबा, वीर स्टेशनला तुम्ही रिक्षाचं इंजिन चालू ठेवून क्लच दाबून बसता ना? मी अभ्यासलेलं जंतूतलं प्रोटीन तेच करतं. जंतूला एका जागी वस्ती करायची झाली, की हे प्रोटीन शेपटीला मोटारीपासून सोडवतं. मोटार ठणठणीत, पण जंतू जागचा हलत नाय."

"म्हंजे आपले मंडळाचे अध्यक्ष!" मी म्हटलं. देवळाचा मंडप बांधायचा म्हणून ते दरवर्षी तासभर बोलतात, पण अजून एक खांब उभा नाय.

परवा सभेत अध्यक्ष पुन्हा मंडपावर बोलायला उभे राहिले, तशी मागून आमची बोळकी काकी ओरडली, "अध्यक्ष, क्लच सोडा आता!"

विद्यापीठानं सायलीला आधीच पास केलं होतं. वाडीनं परवाच्या सभेत केलं.